बोधचिन्हाआधी किल्टची आतली बाजू

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची, व्यवसायाने ग्राफिक डिझायनर. गेली काही वर्षं एडिंबरामध्ये राहते. पर्थजवळ किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा, घागऱ्यासारखा पोशाख) शिवणारं एक जुनं घराणं आहे. 'आमचा लक्झरी ब्रँड करून द्या' असं काम त्यांनी मला दिलं आहे. तिघं कारागीर हाताने शिवतात. आठ वारी किल्ट व्हॅट धरून ७०० पौंडांना विकतात. शिवाय लग्नांसाठी किल्ट भाड्याने देतात, निम्मं उत्पन्न तिथूनच येतं. मालकांना हवंय ते असं : सोनेरी बोधचिन्ह, त्यात त्यांच्या क्लॅनचं, म्हणजे स्कॉटिश कुळाचं, मानचिन्ह आणि थिसलचं फूल (स्कॉटलंडचं काटेरी राष्ट्रीय फूल), खाली 'स्थापना १८४६', आणि खोक्यावर त्यांच्या कुळाचा टार्टन, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकडीचा नमुना. जाहिरातीला पैसे फारसे नाहीत. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, एडिंबरा

उत्तर : या यादीतून सगळ्यात आधी मानचिन्ह खोडा. स्कॉटलंडमध्ये क्लॅनचं मानचिन्ह त्या आडनावाच्या सगळ्यांचं नसतं, क्लॅनप्रमुखाचं असतं. क्लॅनमधल्या माणसाने पट्टा-बक्कलाच्या वर्तुळातलं ते चिन्ह टोपीला लावलं तर चालतं, कारण त्याचा अर्थ 'मी यांच्या बाजूचा' एवढाच होतो. तेच दुकानाच्या पाटीवर किंवा लेबलवर आलं की दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून मिरवल्यासारखं होतं. हा केवळ रीतीभातीचा प्रश्न नाही. एडिंबरामध्ये लॉर्ड लायन कोर्ट आहे, १६७२ च्या कायद्यानुसार तिथे सगळ्या मानचिन्हांची सार्वजनिक नोंदवही ठेवली जाते, नोंद नसलेलं मानचिन्ह वापरणं गुन्हा आहे आणि खटला भरायला या कोर्टाचा स्वतःचा सरकारी वकीलही आहे. कंपनीला स्वतःचं मानचिन्ह रीतसर मागता येतं, पण त्याला काही हजार पौंड पडतात. तेवढ्या पैशात एखाद्या शिकाऊ कारागिराचे दोन-तीन महिने निघतील, आणि या घराला मानचिन्हापेक्षा चौथ्या हाताची गरज जास्त दिसते. राजघराण्याच्या चिन्हाचंही तसंच. घराण्यातल्या कोणी कधी इथे किल्ट शिवून घेतला असेल, तरी रॉयल वॉरंट (राजघराण्याला माल पुरवणाऱ्यांना मिळणारं अधिकारपत्र) हातात असल्याशिवाय ते चिन्ह किंवा त्याची नक्कल वापरता येत नाही.

थिसलला कायद्याची आडकाठी नाही. पण ते फूल एडिंबराच्या रॉयल माइलवर चहाच्या मगापासून फ्रिजच्या चुंबकापर्यंत सगळीकडे आहे, आणि तुमच्या मालकांना नेमकं त्याच रस्त्यावरच्या मालापासून वेगळं दिसायचं आहे. 'केल्टिक' वळणाच्या गोलाकार अक्षरांबद्दलही हेच. ती अक्षरं पाहिली की गिऱ्हाइकाला पब आठवतो.

'स्थापना १८४६' हे मात्र लगेच खोडू नका, तपासा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने जुन्या पोस्ट ऑफिस डिरेक्टऱ्या ऑनलाइन ठेवल्या आहेत, त्यांत गावोगावच्या व्यापाऱ्यांची नावं, धंदा आणि पत्ता सापडतो. 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर १८४१ पासूनच्या जनगणना आहेत, त्यात धंद्याचा रकाना असतो, आणि १८५५ नंतरच्या घरपट्टीच्या याद्याही आहेत. तीन गोष्टी बघा : नाव, धंदा आणि सलगता. पणजोबा १८४६ मध्ये 'टेलर' म्हणून नोंदले असतील आणि किल्टचं काम चाळीस वर्षांनी सुरू झालं असेल, तर लेबलवर '१८४६ पासून किल्ट' लिहिता येणार नाही. मधे दुकान बंद पडून परक्याने नाव विकत घेतलं असेल, तर तेही सांगावं लागेल. पुरावा सापडला नाही तर साल गाळा. साल नसलेल्या लेबलमुळे किल्ट कमअस्सल ठरत नाही, खोट्या सालामुळे मात्र बाकीच्या सगळ्या खऱ्या दाव्यांवर पाणी पडतं.

साल खरं निघालं तर हाती फार चांगला मजकूर लागेल, फक्त तो मालकांना वाटतो तो नसेल. 'आमच्या कुळाचा हजार वर्षांचा टार्टन' हे वाक्य या धंद्यात सर्रास छापलं जातं आणि जाणकार गिऱ्हाईक तिथेच पान उलटतं. १७४६ च्या कायद्याने हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना टार्टन-किल्टचा पोशाख घालायला बंदी केली, ती १७८२ मध्ये उठली. आज ज्यांना आपण क्लॅनचे टार्टन म्हणतो त्यांतले बरेचसे त्यानंतर ठरत गेले. बॅनकबर्नची विल्यम विल्सन अँड सन ही विणकर पेढी नमुन्यांना नावं देऊन विकत होती, तिची १८१९ ची नमुनावही प्रसिद्ध आहे. १८२२ मध्ये राजे चौथे जॉर्ज एडिंबराला आले. वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या त्या सोहळ्यासाठी घराण्याघराण्याला आपापला टार्टन हवासा झाला. १८४२ मध्ये सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोघा भावांनी 'जुन्या हस्तलिखितातले' म्हणून नमुने छापले. ते हस्तलिखित बनावट ठरलं, पण त्यातले कित्येक टार्टन टिकले. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पती अल्बर्ट यांनी स्कॉटलंडमधलं बाल्मोरल हे निवासस्थान भाड्याने घेतलं आणि १८५२ मध्ये विकत घेतलं. म्हणजे १८४६ मध्ये पर्थला दुकान थाटणारा शिंपी या लाटेच्या ऐन भरात उतरला होता, त्याच्या दारात फॅशन चालून येत होती. हे सरळ लिहिलं तर पुराव्यानिशी उभं राहतं, आणि दुसऱ्या कोणाला नकलून घेता येत नाही.

आता मुख्य काम. पैठणी घेताना जाणकार बाई पदर उलटून पाहते, तसा किल्ट उलटून पाहायला गिऱ्हाइकाला शिकवणं हीच तुमची ब्रँड-ओळख. बोधचिन्ह त्याच्या मागून येईल. त्यासाठी आधी तुम्हाला स्वतःला किल्ट वाचता यायला हवा. दोन दिवस कारागिरांशेजारी बसा आणि पुढच्या गोष्टी नजरेखाली घाला.

कापड साधारणपणे १३ किंवा १६ औंसांचं असतं, म्हणजे एका वाराचं वजन तेवढं. १६ औंसांच्या चुण्या आपल्या वजनाने सरळ लोंबतात आणि चालताना एकत्र झुलतात. १० औंसांच्या कापडाच्या चुण्या बसून उठल्यावर फिस्कटतात. किल्टच्या खालच्या कडेला दुमड नसते, कापडाची विणलेली काठच खाली येते. त्यामुळे उंची आधीच नेमकी ठरवावी लागते, नंतर खालून सोडायला काही उरत नाही. चुण्या दोन पद्धतींनी घालतात. एकीत चुण्या घातल्यावरही मागच्या बाजूला टार्टनचा पूर्ण नमुना पुन्हा जुळून येतो. दुसरीत प्रत्येक चुणीच्या मधोमध एकच ठरावीक पट्टी येते, ही लष्करी रीत. कंबरेपासून नितंबापर्यंत चुण्या एकेक करून हाताने शिवून कंबरेकडे निमुळत्या मापात बसवतात. आतलं जादा कापड कापून टाकावं लागतं, नाहीतर कंबरेला गादी होते. पण कापल्यामुळे तो भाग कमकुवत होतो, म्हणून आत कॅनव्हासचा आधार लागतो. स्वस्त किल्टमध्ये पहिल्यांदा इथेच काटछाट होते. अस्तराखाली झाकलेलं असल्यामुळे विकत घेताना कळत नाही, दोन-चार वर्षांनी चुण्या ओढल्यासारख्या दिसू लागतात तेव्हा कळतं.

म्हणून वेबसाइटवर पहिला मोठा फोटो धुक्यातल्या डोंगराचा नको, अस्तर लावण्याआधीच्या किल्टच्या आतल्या बाजूचा हवा. धावदोऱ्याच्या ओळी, कॅनव्हास, कापलेल्या चुण्या, सगळं दिसू द्या. शेजारी चार ओळी : हे काय आहे, का आहे, नसेल तर काय होतं. आमच्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात परिणामकारक भाग हाच.

दुसरी गोष्ट नोंदवही. प्रत्येक किल्टला क्रमांक द्या आणि त्यापुढे शिवणाऱ्याचं नाव, टार्टन आणि त्याची रंगछटा, गिरणीचं नाव आणि कापडाचा ताका-क्रमांक, वजन, चुण्यांची पद्धत, मापं, तारीख, आणि कापडाचा तुकडा चिकटवलेला. लेबलवर फक्त क्रमांक आणि कारागिराची आद्याक्षरं. बक्कल सरकवून, आतल्या पाटातली (पुढच्या बिनचुण्यांच्या सपाट भागातली) जागा सोडून किल्ट काही इंच मोठा करता येतो, म्हणून तो बापाकडून मुलाकडे जातो. वीस वर्षांनी तो मुलगा किल्ट घेऊन आला आणि वहीत त्याच्या वडिलांची मापं निघाली, तर लक्झरी हा शब्द कुठे छापायची गरज उरणार नाही. मापं ही वैयक्तिक माहिती आहे, ती ठेवायला गिऱ्हाइकाची लेखी संमती घ्या. 'आजन्म मोफत दुरुस्ती' असं मात्र लिहू नका. कोणाचा जन्म, हा वाद होतो. 'पहिली दोन वर्षं बक्कल मोफत सरकवून देऊ, नंतरची कामं ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे' एवढं पुरे.

लेबल विणलेलं असू द्या, छापलेलं नको. बारीक रेघांची नाजूक अक्षरं पडद्यावर सुंदर दिसतात, पण विणताना त्या रेघा बुजतात. २ मिमीपेक्षा कमी उंचीची अक्षरं तर वाचताच येत नाहीत. म्हणून नावाचं अक्षरचित्र करताना आधी लेबलच्या मापात करा आणि लेबलवाल्याकडून प्रत्यक्ष विणलेला नमुना मागवा, मग पाटीसाठी मोठं करा. उलट्या क्रमाने गेलात तर दुसऱ्यांदा सगळं काढावं लागेल. लेबल अस्तराला हाताने टाका, टाके बाहेरच्या पाटावर उमटता कामा नयेत. किल्टच्या बाहेरच्या अंगावर नाव कुठेही नको. धाग्याचा प्रकार सांगणारं लेबल ब्रिटनमध्ये कायद्याने लागतंच. त्यावर खरं आहे तेच येऊ द्या. आणि 'स्कॉटिश लोकर' म्हणण्याआधी गिरणीला विचारा. कापड स्कॉटलंडमध्ये विणलेलं असलं तरी टार्टनची बारीक लोकर पुष्कळदा न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाची असते. 'स्कॉटलंडमध्ये विणलेलं, पर्थजवळ हाताने शिवलेलं' हे वाक्य खरं असेल तर तेच वापरा.

खोक्यावर कुळाचा टार्टन नको, याला कारण धंद्याचंच आहे. गिऱ्हाईक स्वतःचा टार्टन घेऊन येतं. कॅम्पबेल आडनावाच्या माणसाच्या हाती मॅकडोनाल्ड टार्टनचं खोकं द्यायचं का? ग्लेन्कोचं (कॅम्पबेलच्या हाताखालच्या सैनिकांनी मॅकडोनाल्डांची कत्तल केली ती दरी) नाव काढून पाहा, मालकांनाच पटेल. शिवाय लालभडक किंवा गडद हिरव्या रंगाशेजारी निम्मे टार्टन विटके दिसतात. ब्रँडचा रंग असा हवा की शेकडो टार्टनांपैकी कोणताही शेजारी ठेवला तरी भांडण होऊ नये. न रंगवलेल्या लोकरीचा पांढुरका आणि पाटीच्या दगडाचा करडा, हे दोन रंग पुरेत. किल्टचं वजन साधारण २ किलो भरतं, त्याला सोनेरी छपाईचं कडक खोकं दिलं तर टपालखर्च वाढतो आणि कोपरे चेपून पोहोचतात. जाड सुती कापडाची गुंडाळी-पिशवी द्या, किल्ट लांबीत गुंडाळून तिच्यात राहतो आणि गिऱ्हाईक ती प्रवासात वापरत राहतं.

एक बारीक पण हमखास होणारी चूक. नवा किल्ट चुण्यांवर कच्चा पांढरा धावदोरा तसाच ठेवून द्यायची रीत आहे, घालायच्या आधी तो उसवायचा असतो. हे न सांगितल्याने लोक 'अर्धवट शिवलेला आला' म्हणून तक्रार करतात, तर कोणी तसाच लग्नात घालून जातात. पिशवीत वरच एक कार्ड ठेवा : दोरा कुठून कापायचा, कोणत्या दिशेने ओढायचा, ड्रायक्लीनला देण्याआधी पुन्हा कसा घालायचा. दोरा उसवायला छोटी कात्री सोबत दिलीत तर सोनेरी खोक्यापेक्षा स्वस्तात लक्षात राहील.

किमतीचा हिशोब मालकांसमोर कागदावर मांडा. आकडे तुमच्या माहितीप्रमाणे बदला, रीत अशी : दुहेरी पन्ह्याचं कापड ४ मीटर (लांबीत मधोमध चिरून जोडलं की आठ वार भरतं), मीटरला ६५ पौंड धरले तर २६०. बक्कल, पट्टे, अस्तर, कॅनव्हास २५. शिवण २० तास, मालकाच्या खर्चासकट तासाला १८ पौंड, म्हणजे ३६०. मापं, फिटिंग, पत्रव्यवहार आणि पुढची दुरुस्ती मिळून ६ तास, १०८. बेरीज ७५३. जागाभाडं, विमा, वीज, पिशवी-लेबल यांसाठी पाव हिस्सा, १८८. झाले ९४१. विक्रीकिमतीच्या १५ टक्के नफा धरला तर सुमारे १,१०७, त्यावर २० टक्के व्हॅट, एकूण १,३२८ पौंड. आता आजचे ७०० घ्या. व्हॅट वजा जाता ५८३, माल आणि वरखर्च वजा जाता ११० उरतात, २६ तासांचे. तासाला सव्वाचार पौंड. इतक्या मजुरीत ब्रिटनमध्ये कायद्याने कोणाला कामाला ठेवता येत नाही, म्हणजे ही तूट भाड्याचे किल्ट भरून काढत आहेत. मालकांना हे माहीत असेल, नसेल, पण कागदावर पाहिलं की 'सोनेरी बोधचिन्ह' हा विषय आपोआप मागे पडेल.

म्हणूनच भाड्याचा धंदा बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. फक्त त्याला वेगळं नाव, वेगळं लेबल, जमल्यास वेगळं दार द्या. शेकडो लग्नांत फिरलेल्या, पॉलिस्टर-व्हिस्कोसच्या किल्टवर आणि हाताने शिवलेल्या किल्टवर एकच नाव असेल, तर गिऱ्हाईक दोन्हींची किंमत स्वस्ताच्या मापाने मोजतं. 'सुरुवातीच्या गिऱ्हाइकांसाठी' मशीनवर शिवलेला पाच वारी किल्ट त्याच लेबलखाली काढायचा मोहही टाळा.

जाहिरातीला पैसे नाहीत याची काळजी सोडा. तिघांचे आठवड्याला १०५ तास, त्यातले प्रत्यक्ष शिवणाचे फार तर ७५. म्हणजे आठवड्याला पावणेचार किल्ट, सुट्ट्या वजा जाता वर्षाला १७० च्या आसपास. तुम्हाला जगभरातून वर्षाला १७० माणसंच हवी आहेत. त्याहून जास्त आली तर वाट पाहायची मुदत वाढते, तारखा चुकतात, आणि लग्नाच्या तारखेला न पोहोचलेला किल्ट कोणत्याही ब्रँडला परवडत नाही. १२ आठवड्यांची मुदत सांगा, दहाव्यात द्या. मधे चार पत्रं : कापड आलं, चुण्या आखल्या, शिवण संपली, रवाना केलं. दर वाढवताना तारीख जाहीर करा, जुन्या कोटेशनांना जुनाच दर द्या, आणि त्यानंतर कधीही 'सेल' लावू नका.

परदेशातल्या गिऱ्हाइकाला कापडाचा नमुना पाठवताना ५ सेंमीचा चौकोन पाठवू नका. टार्टनचा एक पूर्ण नमुना बऱ्याचदा १५ सेंमीहून मोठा असतो, छोट्या तुकड्यात अर्धे रंग दिसतच नाहीत आणि मग 'हा माझा टार्टन नाही' अशी पत्रं येतात. पूर्ण नमुना मावेल एवढा तुकडा, परत मागवायच्या बोलीवर. रंगछटांची नावंही एका ओळीत समजावून द्या : 'एन्शंट' म्हणजे जुना टार्टन नव्हे, वनस्पतिजन्य रंगांसारख्या फिक्या छटा, 'मॉडर्न' म्हणजे रासायनिक रंगांच्या गडद छटा, 'वेदर्ड' म्हणजे ऊन-पाऊस खाल्ल्यासारख्या तपकिरी. फोटोंत बारीक चौकडी पडद्यावर लाटांसारखी थरथरते. कापड कॅमेऱ्यापुढे थोडं तिरकं धरा आणि छोट्या आकारात तोच फोटो तपासून मगच चढवा.

मालक सोबत जाकिटं शिवत असतील आणि हॅरिस ट्वीड (जाड लोकरी कापड) वापरत असतील तर तिथे हात आखडता ठेवा. १९९३ च्या कायद्याने त्या नावाची व्याख्या ठरलेली आहे : शुद्ध नवी लोकर, आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली, बेटकऱ्यांनी आपल्या घरी हाताने विणलेली, तिथेच अंतिम प्रक्रिया झालेली. गोलावर क्रूस असलेली खूण हॅरिस ट्वीड ऑथॉरिटीची आहे. कापडासोबत येणारं क्रमांकाचं लेबल जसंच्या तसं लावा, तुमच्या नक्षीत ते मिसळू नका, आणि दुसऱ्या कुठल्या ट्वीडला ते नाव चुकूनही देऊ नका.

घराचा स्वतःचा टार्टन हवाच असेल तर तो खोक्यावर नको, किल्टच्या अस्तराच्या एका पट्टीत किंवा पिशवीच्या आत शोभेल. त्याची नोंद स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्समध्ये होते. २००८ च्या कायद्याने ते स्थापन झालं, २००९ पासून चालू आहे, अर्जाचं शुल्क ७० पौंड. धाग्यांची मोजणी, रंग, नाव आणि त्या नावाशी आपलं नातं द्यावं लागतं, आणि नमुना आधीच्यांपेक्षा पुरेसा वेगळा लागतो. पण या नोंदीने मालकीहक्क मिळत नाही, हे मालकांना लेखी कळवा. नक्कल रोखायची तर नमुना डिझाइन म्हणून वेगळा नोंदवावा लागतो, तो दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत २५ वर्षांपर्यंत टिकतो, आणि नमुना जगाला दाखवल्यापासून १२ महिन्यांत अर्ज व्हायला हवा.

नावाची ट्रेडमार्क नोंदणी मात्र लेबल विणायला टाकण्याआधी करा. कपड्यांसाठी वर्ग २५, कापडासाठी २४, दुकानदारीसाठी ३५. 'हायलँड', 'टार्टन', 'किल्टमेकर' असे वर्णन करणारे शब्द एकटे नोंदले जात नाहीत, आडनावाशी जोडून जातात. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी दोन महिने असतात, ते तीनपर्यंत वाढू शकतात. तोवर ५,००० लेबलांची ऑर्डर देऊ नका. ५० नमुने घ्या, तेवढ्यात पहिले तीन महिने निघतात.